धर्मग्रंथांचे दप्तर

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, पुढे त्याची पुनर्मुद्रणेही झाली, आणि तरीही त्या मूळ मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नसून, हे मराठी ओवीबद्ध महाकाव्य केवळ भाविकांनी हातांनी उतरवलेल्या नकलांमुळे वाचले, ही गोष्ट ग्रंथालयांच्या प्रत्येक कारभाऱ्याने ध्यानी घ्यावी. १८४२ मध्ये अहमदनगरहून निघू लागलेल्या ‘ज्ञानोदय’सारख्या धार्मिक नियतकालिकांच्या नकला कोण उतरवणार? जुनी फाईल उघडावी तो पिवळ्या पानाचा कोपरा बोटांत चुरतो, कसरीच्या छिद्रात अक्षर हरवते. धर्म कोणताही असो, भाषेचे हे दप्तर समाईक आहे. छायाप्रतींसाठी शासनाने याच अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद मंजूर करावी.