लाल म्हणजे गरम? थांबा जरा!

कोरोनाच्या काळात कपाळावर रोखलेली ‘गन’ आठवतेय? ती फक्त कातडीचं तापमान सांगायची, कोरोना नाही. तरी आकडा दिसला की आपण निश्चिंत! अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत इंटर्नशिपला जाणाऱ्यांना हा भाबडेपणा परवडणारा नाही.

कारण थर्मल कॅमेरा तापमान बघतच नाही. तो वस्तूकडून येणारे इन्फ्रारेड किरण मोजतो आणि त्यावरून हिशेब मांडतो. या हिशेबात एमिसिव्हिटी लागते, म्हणजे वस्तू असे किरण किती मोकळेपणाने बाहेर टाकते त्याचं ० ते १ मधलं माप. काळी इन्सुलेशन टेप ०.९५ च्या आसपास, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम ०.१ हूनही कमी. त्यामुळे तापलेली चकचकीत पट्टी स्क्रीनवर थंडगार निळी दिसू शकते. विश्वासाने हात लावलात, की भाजलात! उल्हासनगरातले नवेकोरे पत्रे वरून टिपले, तर बरंचसं आकाशाचं प्रतिबिंबच मोजलं जाईल. आणि रंग? ते सॉफ्टवेअर भरतं. पॅलेट बदला, लाल गायब.

यावर जुगाड सोपा आहे. मशीन बंद असताना टेपचा तुकडा चिकटवायचा, चालू झाल्यावर कॅमेरा त्यावर धरायचा. कॉलेजच्या डेमोत कुणी नुसतेच रंग दाखवले, तर बिनधास्त विचारा, ‘सर, एमिसिव्हिटी किती सेट केलीय?’