केल्पचं रान परत आलं

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला, ली या गावाजवळ, गोट आयलंडचा खडकाळ किनारा आहे. पाणी गार, त्यामुळे उष्ण समुद्रातल्या प्रवाळांची रंगीत बाग इथे नाही. इथला मान केल्पचा, म्हणजे मोठ्या समुद्रशैवालाचा. खडकाला मुळांसारखी घट्ट पकड घेतलेला एकच देठ, वर तपकिरी, चामड्यासारख्या पात्यांचा झुबका, आणि लाट आली की अख्खं रान एका दिशेला झुकतं. पात्यांखाली हात-दिवा धरला तर कपारीतून शेवंडाच्या लांब मिशा बाहेर आलेल्या दिसतात. निळे ठिपके मिरवणारा गुलाबी स्नॅपर तर बिनधास्त अगदी जवळ येतो. हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. बेसुमार मासेमारीने स्नॅपर आणि शेवंड कमी झाले, तेव्हा त्यांचं खाद्य असलेले किना, म्हणजे काटेरी सागरी अर्चिन, माजले आणि त्यांनी केल्प खाऊन खडक उजाड केले. बिल बॅलेंटाइन या सागरी शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, विरोध सोसला, आणि 1975 मध्ये हा किनारा देशातला पहिला सागरी राखीव प्रदेश ठरला. मासेमारी पूर्ण बंद. मोठे मासे परतले, किना आटोक्यात आले आणि केल्प पुन्हा उभं राहिलं; अर्थात त्याला बरीच वर्षं लागली. माझ्या मते समुद्राला सवड देण्याचं याहून चोख उदाहरण सापडणं कठीण. ऑकलंडला नातेवाईकांकडे जाणार असाल तर मास्क-स्नॉर्केल घेऊन इथे नक्की उतरा, आणि माशांना काहीही खायला घालू नका.