बावीस यार्डांचा फळा
क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे 66 फूट लांब. जुन्या जमीनमोजणीची गंटर साखळीही तेवढीच. गुंठ्याची बाजू 33 फूट, खेळपट्टीच्या बरोबर निम्मी, आणि 40 गुंठ्यांचा एकर. द्राक्षबागेचे हिशेब घरात ऐकणाऱ्या नाशिकच्या मुलांना क्षेत्रफळ शिकवायला याहून जवळचा दाखला क्वचितच सापडेल. धावगतीतून भागाकार येतो, मात्र 4.3 षटके म्हणजे साडेचार षटके, हे दशांशाआधी सांगावे लागते, नाहीतर घोटाळा ठरलेला. उन्हाने भेगाळणारी खेळपट्टी हा मातीचा धडा. इतिहास तर मैदानाच्या नावातच आहे: शहरातले रणजी सामने हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर होतात, आणि कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या 21 डिसेंबर 1909 रोजी.