महिन्याला 2,500 रुपये : शाळेतल्या खिचडीची चव नेमकी कुठे ठरते?

दसरा-दिवाळीच्या सुमारास मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात. परभणी जिल्ह्यातली ही कापसाची जुनी, नावाजलेली बाजारपेठ. आसपासच्या गावांमध्ये तेव्हा वेचणीला बाया मिळत नाहीत, ही शेतकऱ्यांची दरवर्षीची तक्रार असते. गेल्या काही हंगामांत वेचणीचा दर किलोला दहा रुपयांच्या आसपास राहिला आहे. हात चांगला बसलेली बाई दिवसाला 40 किलो कापूस वेचते असं धरलं, तर तिची रोजची कमाई 400 रुपये होते.

त्याच गावातली जिल्हा परिषदेची शाळा घ्या. तिथे मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बाईला महिन्याला 2,500 रुपये मिळतात. वेचणाऱ्या बाईला तेवढे पैसे सव्वासहा दिवसांत मिळतात.

म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी, शाळा ऐन भरात असताना, या बाईसमोर रोज सकाळी एक सोपं गणित असतं. तरीही ती शाळेत येते. का येते, आणि अशा परिस्थितीत मुलांच्या ताटात काय पडतं, हे समजून घ्यायचं तर आधी तिचं काम बघावं लागेल.

स्वयंपाकी की मदतनीस?

सरकारी कागदावर पद आहे 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. नाव एकच असलं तरी त्यात कामं बरीच आहेत. तांदूळ निवडायचा, भाजी धुऊन चिरायची, शिजवायचं, वाढायचं, प्यायचं पाणी भरायचं, भांडी घासायची, स्वयंपाकाची जागा झाडून-पुसून ठेवायची. सुमारे दहा वाजता सुरू झालेलं काम आवरेपर्यंत दुपारचे तीन सहज वाजतात. ग्रामीण भागात शाळा व्यवस्थापन समिती तिची निवड करते. नागरी भागात अनेक ठिकाणी केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात, त्यामुळे तिथलं चित्र वेगळं आहे. इथे प्रश्न गावातल्या शाळेचा आहे.

किती मुलांमागे किती जणी, याचं सूत्र ठरलेलं आहे. 25 मुलांपर्यंत एक, 26 ते 100 मुलांपर्यंत दोन आणि पुढच्या प्रत्येक शंभरामागे आणखी एक. ऐकायला हे ठीक वाटतं. पण 26 मुलांच्या शाळेत दोघी असतात आणि 100 मुलांच्या शाळेतही दोघीच. काम जवळपास चौपट, मानधन तेवढंच. आणि पट 26 वरून 25 वर आला की दोघींपैकी एकीचं काम जातं. जिल्हा परिषद शाळांचा पट घसरत असताना ही टांगती तलवार किती जणींच्या डोक्यावर असेल, याचा अंदाज करता येतो.

शिजवलेलं अन्न शाळेत मिळालंच पाहिजे, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी दिला. 2021 पासून योजनेचं नाव 'पीएम पोषण' झालं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, सहावी ते आठवीला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम. पाचवीपर्यंतच्या ताटात 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी असं मोजमापही ठरलेलं आहे. शिजवणाऱ्या हातांचा हिशेब मात्र इतक्या बारकाईने कधी झाला नाही.

पगार नाही, 'मानधन'

डिसेंबर 2009 मध्ये केंद्राने या बायकांसाठी महिना 1,000 रुपये ठरवले, तेही वर्षातून दहा महिन्यांसाठी. त्याच वेळी पाचवीपर्यंतच्या एका मुलामागे डाळ, भाजी, तेल, इंधन यांचा खर्च 2 रुपये 50 पैसे धरला होता. तो वेळोवेळी वाढत मे 2025 मध्ये 6 रुपये 78 पैसे झाला. महागाई डाळीला लागते, तेलाला लागते, हे सरकारला मान्य आहे. डाळ शिजवणारीला ती लागते, हे केंद्राच्या आकड्यात अजून उमटलेलं नाही. तो आकडा आजही 1,000 आहे. महाराष्ट्राने स्वतःच्या तिजोरीतून भर घालून तो आधी 1,500 आणि 2023 मध्ये 2,500 केला.

24 दिवस, रोज पाच तास धरले तर 2,500 रुपयांचा भाव तासाला 21 रुपयेही पडत नाही. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये आहे, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला 39. खड्डा खणण्याची मजुरी सरकारच ठरवतं आणि पोरांना जेवू घालण्याचा मोबदलाही सरकारच ठरवतं. दुसरा पहिल्याच्या जवळपास निम्मा आहे.

हे काम अर्धवेळ आहे, सेवाभावी आहे, म्हणून पगार नव्हे तर मानधन, असा सरकारी युक्तिवाद असतो. मराठीत मानधन हा शब्द आपण व्याख्यात्यासाठी, कीर्तनकारासाठी वापरतो. एरवी पोट भरण्याची सोय असलेल्या माणसाचा मान राखायचा म्हणून दिलेलं ते धन. भांडी घासणाऱ्या बाईला हा शब्द लावला की किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. मे 2013 मधल्या 45 व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावं आणि किमान वेतन द्यावं, अशी शिफारस केली होती. अलाहाबाद उच्च न्यायालय तर 15 डिसेंबर 2020 च्या निकालात याहून पुढे गेलं. शाळेत स्वयंपाक करणारीला महिना 1,000 रुपये देणं ही वेठबिगारी आहे आणि ती राज्यघटनेच्या कलम 23 चा भंग करते, असं न्यायालयाने म्हटलं.

ताटावर परिणाम कसा होतो?

जून 2024 मध्ये महाराष्ट्राने शाळांसाठी तीन भागांचा आहार ठरवला : भाताचा एखादा प्रकार, मोड आलेली कडधान्यं आणि गोड पदार्थ. 15 पाककृतींची यादी आली. रोजच्या खिचडीला कंटाळलेल्या मुलांसाठी कल्पना चांगलीच होती.

पण मटकीला मोड आणायचे तर काय करावं लागतं, हे कोणत्याही घरात विचारा. आदल्या दिवशी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, सकाळी उघडून बघायची. शंभर मुलांसाठी हेच करायचं तर काम शाळेच्या वेळेबाहेर जातं. त्या वेळेचे पैसे यादीत नव्हते. एका चुलीवर किंवा शेगडीवर एका पातेल्याऐवजी दोन-तीन पातेली चढवायची आणि मधल्या सुट्टीची घंटा मात्र पूर्वीच्याच वेळेला होणार. अशा वेळी बाई काय करेल? जे वेळेत उरकतं ते करेल. याला कामचुकारपणा म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. पाककृती वाढल्या आणि तास-पैसे वाढले नाहीत, तर एखादी पाककृती कागदावरच राहणार. अंड्यांचंही असंच झालं. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेला राज्याचा वेगळा निधी जानेवारी 2025 मध्ये थांबला.

दुसरा परिणाम हळू होतो, म्हणून लक्षात येत नाही. मानधन महिनोन्‌महिने थकल्याच्या तक्रारी राज्यभरातून येत असतात. ज्या बाईला पर्याय मिळतो, ती काम सोडते. नवी येते. शंभर मुलांच्या भाताला पाणी किती, मीठ किती, कोणत्या मुलाला तिखट चालत नाही, हे तिला पुन्हा शिकावं लागतं. स्वच्छतेच्या सवयी एका प्रशिक्षणात लागत नाहीत. त्या वर्षानुवर्षांच्या कामातून अंगी बाणतात. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन 23 मुलं दगावली, तेव्हापासून तपासणीवर भर आला. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. नियम योग्यच आहे. पण चव घेणारा पातेलं तपासतो. तांदूळ दोनदा निवडला की एकदा, फडकं धुतलेलं होतं की नाही, हे पातेल्यात दिसत नाही. हे काम करणारीच्या मनावर असतं.

बहुतेक ठिकाणी जेवण चांगलं असतं, याचं कारण तिथेच आहे. त्या पंगतीत अनेकदा तिचं स्वतःचं मूल किंवा नातवंड बसलेलं असतं. काम गावात आहे, ओळखीच्या लोकांत आहे. सरकारची सगळी योजना या मायेवर उभी आहे आणि माया फुकट मिळते, असं धरून खर्चाचे अंदाज बांधले जातात.

पैसे वाढवले की दर्जा वाढतो?

या प्रश्नावर दोन अभ्यास उपयोगी पडतात. तमिळनाडूत अंगणवाड्यांमध्ये अर्धवेळ काम करणारी एक जास्तीची व्यक्ती देऊन पाहिली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या प्रयोगात मुलांना शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला, मुलांची गणित आणि भाषेतली प्रगती सुधारली आणि कुपोषणही घटलं. त्याच सेविका, त्याच इमारती, फक्त कामाला आणखी दोन हात मिळाले. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांचा. क्रिस्टा रफिनी या अर्थतज्ज्ञांना दिसलं की किमान वेतन वाढलं तिथे नियमभंग कमी झाले, अंथरुणाला खिळलेल्यांना होणाऱ्या जखमा कमी झाल्या आणि मृत्यूही कमी झाले. वृद्धांची अंगं पुसणं आणि पोरांसाठी भाजी निवडणं, दोन्ही कामांवर क्षणाक्षणाला नजर ठेवता येत नाही.

मात्र नुसता आकडा वाढवूनही भागत नाही. केरळमध्ये याच कामाला महिन्याला 12 हजारांच्या आसपास मिळतात. पण तिथे 500 मुलांपर्यंत एकच स्वयंपाकी, असं सूत्र आहे, आणि हा भार झेपत नाही म्हणून तिथल्या संघटना भांडत असतात. महाराष्ट्रात माणसं जास्त आणि पैसे नगण्य, केरळात पैसे बरे आणि माणसं अपुरी. केरळची बाई निदान या कामावर घर चालवू शकते, त्यामुळे दोन्हींत डावं-उजवं करायचंच तर केरळ उजवं ठरतं.

खर्च किती येईल?

शंभर मुलांच्या शाळेत दोघींचे मिळून महिन्याला 5,000 रुपये होतात. 24 दिवसांची 2,400 ताटं धरली तर शिजवण्याची मजुरी एका ताटामागे 2 रुपये 8 पैसे पडते. त्यांना रोजगार हमीच्या दराने तासाला 39 रुपये द्यायचे ठरवले, तर प्रत्येकीचे 4,680 होतात आणि ताटामागची मजुरी 3 रुपये 90 पैशांवर जाते. फरक पावणेदोन रुपयांहून थोडा जास्त. छोट्या शाळेत हा आकडा बराच वाढतो. 26 मुलांमागे दोघी असतील तर आजच ताटाला आठ रुपये पडतात आणि नव्या दराने ते 15 होतील. मानवतसारख्या तालुक्यातल्या वाडी-तांड्यावरच्या शाळांचा खर्च म्हणूनच वेगळा धरावा लागेल.

हा बोजा कुणी उचलायचा, यावर गाडी अडते. 2009 मध्ये केंद्राचा वाटा 75 टक्के होता, म्हणजे 1,000 पैकी 750 रुपये दिल्लीतून येत. 2015-16 पासून तो 60 टक्के झाला. आज महाराष्ट्रातल्या बाईच्या 2,500 रुपयांपैकी 1,900 राज्य देतं. केंद्राचे येतात 600, म्हणजे सुरुवातीला येत होते त्याहून दीडशे कमी.