रंगाआधी शेपूट

पावसाळा लागला की कामशेतच्या टेकड्यांवरचं पॅराग्लायडिंग थांबतं, वडगाव-तळेगावची उडणारी मंडळी संगणकापुढे बसतात आणि आमच्याकडे फ्लाइट सिम्युलेटरसाठी सुधारलेली जुनी विमानं येऊ लागतात. यंदा सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ जेटची चलती दिसते. आनंद आहे. भारतीय नौदलाच्या आयएनएएस ३०० या तुकडीच्या याच विमानांनी डिसेंबर १९७१ मध्ये विमानवाहू विक्रांतवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. मात्र बहुतेकांनी फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमधल्या ब्रिटिश सी हॉकवर तिरंगी वर्तुळं चिकटवून हात झटकले आहेत.

आपल्या नौदलाकडची सगळी सी हॉक एकसारखी नव्हती. काही पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडून घेतलेली होती आणि त्या मार्क १०० व १०१ चं उभं शेपूट ब्रिटिश मार्क ६ पेक्षा उंच होतं. म्हणून रंगाची फाइल उघडण्याआधी एकच विमान निवडा, त्याचा क्रमांक आणि छायाचित्र समोर ठेवा. शेपूट उंच असेल तर नुसती त्रिमितीय आकृती ताणून भागत नाही. यासिमच्या, म्हणजे विमान कसं उडेल हे ठरवणाऱ्या, फाइलमध्येही उभ्या शेपटाची लांबी वाढवावी लागते. नाहीतर दिसायला जर्मन आणि रडर दाबला की ब्रिटिश, असं धेडगुजरी विमान तयार होतं.

इंजिनाची गंमत त्याहून मोठी. सी हॉकला रोल्स-रॉइसचं नेने हे एकच इंजिन; त्याची धुराड्याची नळी पोटातच दुभागते आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडते. दोन तोंडं दिसतात म्हणून काहींनी निम्म्या-निम्म्या जोराची दोन जेट बसवली आहेत. सरळ उडताना काही कळत नाही. एक जेट बंद करून पाहा: विमान एका अंगाला ओढ घेतं. खऱ्या सी हॉकला हा रोग जडणं शक्यच नव्हतं. जेट एकच ठेवा, जोर मध्यरेषेवर द्या, दुसरं तोंड फक्त डोळ्यांसाठी. आणि कृपा करून विमान चपळ वाटावं म्हणून थ्रॉटलचा प्रतिसाद झटपट करू नका. त्या पिढीचं जेट सावकाश जोर धरायचं. डेकवर उतरताना वैमानिकाची खरी कसोटी तिथेच लागत असे.

डेकचंही तेच. सिम्युलेटरमधली अमेरिकी विमानवाहू निमिट्झ सुमारे ३३० मीटर लांब, आपली जुनी विक्रांत जेमतेम २१०. शिवाय १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. जहाजाचा वेग घटला की डेकवरचा समोरचा वारा घटतो आणि उड्डाणाला हाताशी असलेली सवलतही. सिम्युलेटरमधल्या जहाजाचा वेग उतरवून एकदा भरल्या टाकीनं उडून बघा. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत, म्हणजे नौदलाच्या अभियांत्रिकी शाळेत, शिकलेलं कुणी निवृत्त शेजारी असेल तर बॉयलरचा विषय काढा. संध्याकाळ सत्कारणी लागेल.

गोव्याला जाणाऱ्यांनी दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात तासभर काढावा. तिथे सी हॉक उभं आहे. नाकाचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही पंखाच्या मुळाचे काढा.

पुढच्या अंकापासून, काय बदललं आणि कशाच्या आधारे, याची नोंद सोबत असलेलीच मॉडेलं आम्ही परीक्षणाला घेऊ. मूळ कर्त्याचं नाव आणि परवाना जसाच्या तसा राहिला पाहिजे. नोंद खुशाल मराठीत लिहा. फाइलचं नाव तेवढं रोमन अक्षरांत ठेवा.