लिलावाआधी कोपरारक्षक कसा जोखायचा? रील नको, पूर्ण मॅच बघा

परवा रात्री माझ्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ टाकला. खाली मेसेज: ‘दादा, बघ आणि सांग, पाठवू का?’

तो भिवंडीजवळच्या गावात राहतो. दिवसा गोदामात माल उतरवतो, संध्याकाळी मॅटवर डावा कोपरा सांभाळतो. एका प्रशिक्षकांनी त्याच्याकडे खेळाचा व्हिडिओ मागितला होता. त्याने ५० सेकंदांची रील बनवली. १४ पकडी, मागे ढोल-ताशा, प्रत्येक पकडीला स्लो मोशन. बघायला जबरदस्त. तरी मी त्याला लिहिलं, ‘थांब, ही पाठवू नकोस.’

का, ते सांगायला हा लेख. ३१ मे आणि १ जून २०२५ ला मुंबईत प्रो कबड्डीच्या बाराव्या मोसमाचा लिलाव झाला. लिलावाच्या दिवसांत आपल्या फोनवर फक्त कोटींचे आकडे फिरतात. पण संघ एखाद्या खेळाडूवर पैसे लावतात ते नेमकं काय बघून? आणि तेच आपल्याला फोनवर बघता येईल का? बरंचसं येतं.

कोपराच का?

चढाईपटूचं काम मोजायला सोपं. गेला, गडी बाद केले, परत आला, गुण मिळाले. कोपरारक्षकाचं तसं नसतं. तो टोकाला उभा असतो, चढाईपटूच्या पायावर नजर ठेवून. ३० सेकंदांच्या चढाईत त्याला बहुतेक वेळ काहीच करायचं नसतं आणि एका क्षणी सगळं करायचं असतं. झेप लवकर घेतली तर चढाईपटू निसटतो, उशिरा घेतली तर तो मध्यरेषेकडे पोचलेला असतो.

चांगला कोपरा संघाला किती देतो याचं उदाहरण म्हणजे इराणचा मोहम्मदरेझा शादलू. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले आणि त्या मोसमात पलटण पहिल्यांदा विजेती झाली. २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि तेही पहिल्यांदाच विजेते झाले. सगळं श्रेय एकट्याचं नाही, तो चढायाही करतो. पण डाव्या कोपऱ्यावर संघ एवढे पैसे का लावतात ते कळतं. आपल्या शेजारच्या कल्याणचा गिरीश इरनकही डावा कोपराच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तो भारताच्या संघात होता.

रील काय लपवते?

आता मामेभावाच्या रीलकडे येऊ. त्याच्या सहा मॅचेस आमच्याकडे पूर्ण होत्या, काही यूट्यूबच्या लाइव्हवर आणि काही मित्रांच्या फोनमध्ये. रविवारी आम्ही दोघं बसलो आणि त्याचा प्रत्येक प्रयत्न वहीत लिहिला.

एकूण प्रयत्न ३४. यशस्वी पकडी १४. म्हणजे ४१ टक्के.

त्या १४ पैकी ३ अव्वल पकडी होत्या. मॅटवर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना झालेल्या पकडीला २ गुण मिळतात, म्हणून एकूण गुण १७. पण उरलेल्या २० प्रयत्नांत चढाईपटू सुटला. प्रत्येक वेळी समोरच्याला किमान एक गुण गेला आणि आमचा कोपरा बाहेर बसला. १७ कमावले, २० घालवले. रीलमध्ये हिरो दिसणारा पोरगा हिशेबात उणे ३ वर होता.

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘दादा, मला वाटलं मी भारी खेळलो.’

खोटं कुणीच बोललं नव्हतं. रीलमधली प्रत्येक पकड खरी होती. फक्त भागाकारात खालचा आकडा नव्हता. १४ पकडी, पण कितीपैकी? हा प्रश्न रील कधीच विचारू देत नाही.

प्रो कबड्डीच्या आकड्यांतही हाच सापळा आहे. ‘मोसमात अमुक पकड गुण’ ही ओळ सगळ्यांना माहीत असते. सहाव्या मोसमात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने १०० पकड गुण मिळवले. एका मोसमात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. विक्रम मोठाच आहे. पण दोन खेळाडूंची तुलना करायची असेल तर एकूण गुण पुरत नाहीत. जो जास्त मॅचेस खेळला आणि ज्याने जास्त उड्या मारल्या, त्याचे गुण वाढणारच. लीगच्या साइटवर खेळाडूचं पान उघडा. तिथे यशस्वी पकडींची टक्केवारी, प्रत्येक मॅचमागे सरासरी पकडी आणि अव्वल पकडी वेगळ्या दिलेल्या असतात. तिन्ही एकत्र वाचा.

अमेरिकेतला तोच प्रश्न

टोकाहून झेपावणाऱ्या बचावपटूला जोखण्यावर जगात सगळ्यात जास्त पैसा खर्च होतो तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. तिथे काही लाइनबॅकरचं मुख्य काम म्हणजे टोकाहून घुसून, चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला गाठणं. त्याला चेंडूसकट पाडलं की ‘सॅक’. तिथे लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. संघ आपापल्या पाळीने एकेक नवा खेळाडू निवडतात. त्याआधी ‘कम्बाइन’ नावाचा चाचण्यांचा मेळा भरतो. ४० यार्ड धाव, उंच उडी, १०२ किलोची पट्टी छातीवरून किती वेळा उचलता, सगळं मोजतात.

२००८ मध्ये व्हर्नन गोल्स्टनने तिथे ती पट्टी ३७ वेळा उचलली. न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडलं. तीन मोसमांत त्याचे सॅक किती? शून्य. उलट २००३ मध्ये टेरेल सग्जची धाव मंद पडली म्हणून चर्चा झाली. बाल्टिमोर रेव्हन्सने तरीही त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर १३९ सॅक होते.

२०२५ चा ड्राफ्ट एप्रिलमध्ये ग्रीन बे शहरात झाला. तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सने अब्दुल कार्टरला घेतलं. तो आधी लाइनबॅकर होता, शेवटच्या कॉलेज मोसमात टोकावर आला. दुखापतीमुळे त्याने कम्बाइनच्या चाचण्या दिल्याच नाहीत. संघाने त्याचं खेळणं बघितलं.

तिथेही आता नुसते सॅक मोजत नाहीत. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते, त्यामुळे कोण कधी कुठे होता हे कळतं. समोरच्या अडवणाऱ्याला तो अडीच सेकंदांत हरवतो का, तेही प्रत्येक वेळी मोजतात. क्वार्टरबॅक पडला नाही तरी हे काम धरलं जातं. म्हणजे पुन्हा तेच: कितीपैकी किती?

फोनने काय मोजता येतं?

गावच्या मॅटवर चिप नाही. फोन आहे, आणि तो नीट वापरला तर पुष्कळ आहे.

फोन आडवा धरा. मॅट १० मीटर रुंद असतं. उभ्या व्हिडिओत डावा कोपरा दिसतो, पण त्याच्या शेजारचा आणि समोरचा कोपरा कापला जातो. पकड एकट्याने होत नाही. साखळी वेळेवर आली का, हेच बघायचं असतं आणि रीलची चौकट नेमकं तेच कापते.

सेटिंगमध्ये ६० फ्रेम निवडा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये सुमारे ३३ मिलिसेकंदांचं अंतर असतं, ६० मध्ये सुमारे १७. झेपेची वेळ बघायला हा फरक कामाचा आहे. आणि फाइल व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवू नका, ती आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

‘एआय सगळं मोजून देईल’ असं कुणी म्हणालं तर जरा थांबा. गूगलच्या मीडियापाइपसारखी मोफत साधनं व्हिडिओतल्या माणसाच्या अंगावर ३३ बिंदू शोधतात. एकट्याची धाव किंवा उडी तपासायला ते ठीक आहे. पण पाच जण एकावर पडले की कुणाचा गुडघा कुणाचा, हे त्याला कळेनासं होतं. कबड्डीत महत्त्वाचा क्षण नेमका तोच असतो. तिथे अजून माणसाचा डोळा आणि वही लागते.

वहीत आम्ही चार रकाने आखले: चढाईचा कितवा सेकंद, मॅटवर आपले किती, तिसरी निर्णायक चढाई होती का, निकाल काय. त्यातून निघालेली गोष्ट आम्हाला दोघांनाही माहीत नव्हती.

निर्णायक चढाईत चढाईपटूला गुण घ्यावाच लागतो, त्याला आत यावंच लागतं. अशा ९ प्रयत्नांत भावाने ६ पकडी केल्या होत्या. बाकीच्या २५ प्रयत्नांत फक्त ८. आणि फसलेल्या २० पैकी १२ वेळा तो पहिल्या दहा सेकंदांतच एकटा झेपावला होता, साखळी यायच्या आधी. त्याच्या हातात ताकद होतीच. कमी पडत होतं ते थांबणं.

सहा मॅचेसवरून कुणाचं भविष्य ठरत नाही, हेही सांगतो. समोरचे चढाईपटू किती तयारीचे होते, ते या वहीत नाही. दुखापत तर कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. २०२२ च्या लिलावात तमिळ थलायवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख मोजले होते. पहिल्याच मॅचमध्ये गुडघा दुखावला आणि त्याचा मोसम संपला. आकडे अंदाज चांगला करतात, हमी देत नाहीत.

मग काय पाठवलं?

भावाला भीती होती की चुका दाखवल्या तर पत्ता कट. मी म्हटलं, ‘ट्रायलला उभा राहशील तेव्हा त्या पाच मिनिटांत दिसणारच आहेत. त्यापेक्षा तुला त्या माहीत आहेत हे आधी दिसू दे.’ शेवटी आम्ही दोन पूर्ण मॅचेसची लिंक पाठवली, एक त्याची चांगली आणि एक वाईट. सोबत वहीच्या पानाचा फोटो. खाली त्याने स्वतः एक ओळ लिहिली: ‘लवकर झेपावतो, त्यावर काम सुरू आहे.’ उत्तर अजून आलेलं नाही. पण कालच्या सरावात तो म्हणे तीनदा थांबला.

पुढचा लिलाव बघताना एवढंच करा. एखाद्या बचावपटूवर बोली चढू लागली की दुसऱ्या टॅबमध्ये त्याचं पान उघडा, यशस्वी पकडींची टक्केवारी बघा आणि मग त्याची एक तरी हरलेली मॅच पूर्ण बघा. आणि तुम्ही स्वतः खेळत असाल, तर पुढच्या मॅचला मित्राच्या हातात फोन द्या. आडवा.