पत्ता कुणाला द्यावा?

गणेशगुडीच्या चहाच्या टपरीवर राफ्टिंगवाल्या एका पोराने मोबाइल पुढे केला. हवाई हल्ल्याच्या काळ्या-पांढऱ्या चित्रफितीत नेमाची फुली स्थिरावते, लोळ उठतो, छप्पर गायब. "बाजूच्या घराला धक्का नाही बघा. आता लढाई म्हणजे दोन दिवसांचं काम!"

पोराचे म्हणणे अगदीच फोल नाही. कारगिल युद्धात २४ जून १९९९ ला मिराज विमानांनी टायगर हिलवर लेझरने नेम धरणारे बॉम्ब टाकले आणि माथ्यावरची शत्रूची ठाणी नेमकी टिपली. पण टेकडी हाती आली ती ४ जुलैला, रातोरात दोर लावून कडा चढलेल्या पायदळामुळे.

निरपराध वाचतात, हा दावा तर फारच पोकळ. १३ फेब्रुवारी १९९१ ला बगदादमधल्या अमीरियाच्या आश्रयस्थानावर अमेरिकेचे दोन बॉम्ब ठरल्या जागीच पडले. आत चारशेहून जास्त नागरिक मेले. ७ मे १९९९ ला बेलग्रेडच्या चिनी वकिलातीवरचा नेमही बरोबर होता, पत्ता तेवढा चुकीचा. शिवाय नेमाची खात्री असली की 'एवढंच तर उडवायचंय' म्हणत हुकूम लवकर सुटतो. पूर्वी शेकडो बॉम्ब खर्ची पडायचे, म्हणून तरी सेनापती दहादा विचार करी.

माझे म्हणणे असे, की नेम सोपा झाल्यावर रणनीतीचा खरा कस कशावर नेम धरायचा नाही हे ठरवण्यात लागतो. गणेशगुडीहून काळी नदीने खाली जा. कद्र्याच्या जलाशयाकाठी कैगाच्या अणुभट्ट्या, मुखाशी कारवारला नौदलाचा कदंब तळ. इथले जोयड्याचे रान यातले काय झाकणार? पण अणुभट्ट्यांना एक वेगळे कवच आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे आपापली यादी देतात, अक्षांश-रेखांशांसकट! बॉम्बला हवा तो पत्ता आपण स्वतःच्या हाताने शेजाऱ्याला देतो, आणि मधल्या साऱ्या भांडणांत हा रिवाज टिकला आहे. कुठल्याही क्षेपणास्त्रापेक्षा मला या कागदाचा पल्ला मोठा वाटतो.

"मग आमचं धरण त्यात आहे का?" पोराने विचारले.

नाही. करार अणुकेंद्रांपुरता. इथल्या सुपा धरणाची १०१ मीटर उंच भिंत त्यात बसत नाही. धरणांना अभय देणारा १९७७ चा जिनिव्हा प्रोटोकॉल आहे, पण भारत त्यात सामील नाही, आणि पाकिस्तानने केली ती नुसती सही. पुढचे शिक्कामोर्तब अजून बाकी आहे.